ओक्लाहोमाचा खटला आणि पॅसिफिक किनाऱ्यावरील फाळणी

२७ जून १९८४. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी एक निकाल दिला. वाद खेळाचा होता, पण मैदानावर काय घडले याच्याशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. विद्यापीठांच्या फुटबॉल सामन्यांचे दूरचित्रवाणी प्रक्षेपण विकण्याचा अधिकार कोणाचा, एवढाच प्रश्न होता. पुढील चाळीस वर्षांत अमेरिकी कॉलेज फुटबॉलचा नकाशा ज्या रीतीने फाटला, त्याचे मूळ माझ्या मते या प्रश्नात आहे. आजचा थ्रेड त्याविषयी.

आधी थोडी पार्श्वभूमी. येथे फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, लंबगोल चेंडूने खेळला जाणारा अमेरिकन फुटबॉल. हा खेळ तेथे प्रथम विद्यापीठांत रुजला. व्यावसायिक लीग मागाहून आली. आजही मिशिगन किंवा पेन स्टेटच्या स्टेडियममध्ये शनिवारी लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. ही विद्यापीठे ‘कॉन्फरन्स’ नावाच्या मंडळांत संघटित असतात. कॉन्फरन्स वेळापत्रक आखते, विजेता ठरवते आणि पैसा वाटते. यातील शेवटचे काम लक्षात ठेवा.

या कॉन्फरन्स मुळात भूगोलातून जन्मल्या. १८९६ मध्ये शिकागोच्या परिसरातील सात विद्यापीठांनी जी बांधली, ती पुढे ‘बिग टेन’ झाली. १९१५ मध्ये कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन आणि ओरेगनमधील दोन अशा चार विद्यापीठांनी पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्स स्थापन केली. १९५९ मध्ये ती आर्थिक गैरव्यवहारांच्या प्रकरणांतून मोडली, पुन्हा उभी राहिली आणि वाढत वाढत ‘पॅक-१२’ झाली. १९४७ पासून या दोन मंडळांचे विजेते दरवर्षी पॅसाडिनाच्या रोझ बोलमध्ये एकमेकांशी भिडत. शेजार नव्हता, पण पिढ्यान्‌पिढ्यांचे सोयरेसंबंध म्हणावेत असे नाते होते.

या सर्वांच्या वर एनसीएए ही राष्ट्रीय संघटना होती. १९०५ च्या हंगामात मैदानावर अनेक खेळाडूंचे मृत्यू झाले. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्यात लक्ष घातले आणि १९०६ मध्ये ही संघटना आकाराला आली. दूरचित्रवाणी आली तेव्हा घरबसल्या सामना दिसला तर तिकीट कोण काढणार, अशी धास्ती विद्यापीठांना वाटली. म्हणून १९५१ पासून एनसीएएने प्रक्षेपणाचा अधिकार आपल्या मुठीत घेतला. किती सामने दाखवायचे, कोणाचे दाखवायचे आणि किती पैसे घ्यायचे, हे सारे केंद्र ठरवू लागले.

या व्यवस्थेत एका संघाला दोन वर्षांत सहाहून अधिक वेळा पडद्यावर येता येत नसे आणि त्याच काळात किमान ८२ वेगवेगळ्या विद्यापीठांना संधी देणे वाहिन्यांना बंधनकारक होते. परिणाम काय होई, याचे उदाहरण न्यायालयाच्या कागदपत्रांतच आहे. १९८१ मधील एका शनिवारी ओक्लाहोमा विरुद्ध सदर्न कॅलिफोर्निया हा सामना दोनशेहून अधिक केंद्रांवरून दाखवला गेला. त्याच दिवशी सिटाडेल विरुद्ध अॅपलेचियन स्टेट हा सामना दिसला फक्त चार केंद्रांवर. चारही संघांना मानधन मात्र सारखेच मिळाले!

हे न्याय्य होते का? ओक्लाहोमाला विचाराल तर मुळीच नाही. सिटाडेलला विचाराल तर यातच खरा न्याय होता.

ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठांनी मक्तेदारीविरोधी कायद्याखाली खटला भरला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी लिहिला. एनसीएए किमती आणि सामन्यांची संख्या कृत्रिमरीत्या बांधून ठेवते, प्रेक्षकांच्या मागणीला तेथे स्थान नाही, म्हणून ही योजना बेकायदा, असा त्याचा आशय. कायद्याच्या दृष्टीने हा युक्तिवाद भक्कम आहे, हे मान्य करावेच लागते.

परंतु भिन्नमत वाचण्यासारखे आहे, कारण ते लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट स्वतः कॉलेज फुटबॉलचे नामवंत खेळाडू होते. १९३७ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठाकडून खेळताना ते हाइझमन ट्रॉफीच्या मतदानात दुसरे आले होते. त्यांचे म्हणणे असे की, बहुमत विद्यापीठांच्या खेळाला निव्वळ धंदा समजत आहे. पैसा सर्वांत पसरवणे ही या योजनेची खोड नसून तिचा हेतू आहे. तो बांध फुटला की जिंकण्यासाठी वाटेल ते करण्याची ओढ वाढेल. व्हाइट यांचे मूळ विद्यापीठ ध्यानात ठेवा. कोलोरॅडो या कथेत पुन्हा येणार आहे.

निकालानंतर लगेच कोणी श्रीमंत झाले नाही. उलट बाजारात सामन्यांचा पूर आला आणि पहिल्या हंगामात किमती घसरल्या. पण महसूल गोळा करण्याचा हक्क केंद्राकडून सुभ्यांकडे गेला होता आणि असे झाले की पुढे काय होते, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला सांगावे लागत नाही. १९९० मध्ये नोत्र दामने एनबीसीशी स्वतंत्र करार केला. आग्नेयेकडील एसईसीने आर्कान्सा आणि साउथ कॅरोलिना घेऊन सदस्यसंख्या बारावर नेली, कारण बारा सदस्यांची कॉन्फरन्स दोन गटांत विभागून अंतिम सामना खेळवू शकत होती. १९९२ मध्ये तो पहिला अंतिम सामना झाला. म्हणजे विकायला आणखी एक मौल्यवान सामना हाती आला.

पहिला बळी टेक्सासमध्ये पडला. आर्कान्सा गेल्यावर साउथवेस्ट कॉन्फरन्समध्ये केवळ टेक्सासची विद्यापीठे उरली. एकाच राज्याच्या प्रेक्षकांवर मोठा करार मिळेना. १९९४ मध्ये टेक्सास, टेक्सास ए अँड एम, टेक्सास टेक आणि बेलर यांनी ‘बिग एट’शी हातमिळवणी केली, त्यातून ‘बिग ट्वेल्व्ह’ निर्माण झाली. शेवटच्या दोघांची वर्णी लागण्यात राज्याचे तत्कालीन लेफ्टनंट गव्हर्नर बॉब बुलक यांचा मोठा वाटा मानला जातो. ते या दोन्ही विद्यापीठांचे माजी विद्यार्थी होते. राइस, एसएमयू, टीसीयू आणि ह्यूस्टन यांच्या बाजूने कोणी बुलक नव्हते. १९१४ पासून चालत आलेले मंडळ १९९६ मध्ये संपले.

पुढच्या पंधरा-वीस वर्षांचा तपशील मी भराभर ओलांडतो. नावे बदलत जातात, तर्क तोच राहतो. २०१४ मध्ये बिग टेनने रटगर्स आणि मेरीलँड यांना घेतले. फुटबॉलमधील पराक्रम पाहून नव्हे, तर न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टन या महानगरांतील केबल ग्राहकांकडे पाहून.

आता सत्तासंतुलनाच्या अभ्यासकांचे खास प्रकरण. जुलै २०२१ मध्ये टेक्सास आणि ओक्लाहोमा यांनी एसईसीची वाट धरली. होय, तेच ओक्लाहोमा. घाबरलेल्या बिग टेन, एसीसी आणि पॅक-१२ यांनी ऑगस्टमध्ये ‘अलायन्स’ जाहीर केला. बलाढ्य शेजाऱ्याविरुद्ध तिघांची मैत्री. लेखी करार नाही, सारा भरवसा शब्दावर. दहा महिन्यांनी, ३० जून २०२२ रोजी, यातील एका मित्राने दुसऱ्याच्या घरातील लॉस एंजेलिसची दोन्ही विद्यापीठे, यूएससी आणि यूसीएलए, उचलली. बिग टेननेच. रोझ बोलचे सोयरे! त्यानंतर दोन महिन्यांच्या आत बिग टेनचा सात वर्षांचा, सात अब्ज डॉलरहून मोठा प्रक्षेपण करार जाहीर झाला.

पॅक-१२ कडे आता लॉस एंजेलिसची बाजारपेठ उरली नव्हती. वर्षभर वाटाघाटी चालल्या. हाती आला तो अॅपलचा, मुख्यतः इंटरनेट ग्राहकसंख्येवर अवलंबून असलेला प्रस्ताव. २७ जुलै २०२३ रोजी पहिले विद्यापीठ बाहेर पडले. कोलोरॅडो, न्यायमूर्ती व्हाइट यांचे. ४ ऑगस्टला एकाच दिवसात आणखी पाच गेली : ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनकडे; अॅरिझोना, अॅरिझोना स्टेट आणि युटा बिग ट्वेल्व्हकडे. १ सप्टेंबरला पॅसिफिकच्या काठावरील स्टॅनफर्ड आणि बर्कली यांना अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सने आश्रय दिला. २०२४ मध्ये बिग टेनमध्ये १८ विद्यापीठे होती. नावे आता केवळ स्मृतिशिल्पे आहेत.

मागे राहिली दोन : कोर्व्हॅलिसचे ओरेगन स्टेट आणि पुलमनचे वॉशिंग्टन स्टेट. ती दुबळी होती का? २०२२ मध्ये ओरेगन स्टेटने दहा सामने जिंकले, त्यात प्रतिस्पर्धी ओरेगनवरील विजयही होता. त्या सामन्यात हरलेल्या ओरेगनला पुढील वर्षी बिग टेनचे निमंत्रण आले; जिंकणाऱ्याला नाही. कोर्व्हॅलिस सुमारे साठ हजार वस्तीचे गाव, पुलमन त्याहूनही लहान. उलट, एसईसीत दशकानुदशके तळाशी राहिलेले व्हँडरबिल्ट सुरक्षित आहे, कारण १९३२ मध्ये ते संस्थापक सदस्यांत होते. गुणवत्तेपेक्षा शंभर वर्षांपूर्वी तुम्ही कोणाच्या पंगतीला बसला होता, हे येथे अधिक मोलाचे ठरले.

एक गोष्ट राहिली. १९८४ च्या निकालात स्टीव्हन्स यांनी एनसीएएच्या हौशी परंपरेचे जाता जाता कौतुक केले होते. खेळाडूंना पैसा नाकारताना एनसीएएने हीच वाक्ये पुढची कित्येक वर्षे ढालीसारखी वापरली. विद्यापीठे बाजारात मोकळी झाली, खेळाडू नाही. २०२१ च्या ऑल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ती ढाल बाजूला सारली. दरम्यान यूएससी-यूसीएलएच्या खेळाडूंच्या वाट्याला मंडळांतर्गत सामन्यासाठी न्यू जर्सीपर्यंतचा, सुमारे चार हजार किलोमीटरचा प्रवास आला आहे.

कोर्व्हॅलिस आणि पुलमन मात्र गप्प बसले नाहीत. निघून जाणाऱ्या दहा विद्यापीठांना मंडळाच्या कारभारात मत असावे का, यावर ती न्यायालयात गेली आणि जिंकली. मंडळाचा ताबा दोघांकडे आला. २०२४ च्या हंगामात खेळायला प्रतिस्पर्धी नव्हते, तेव्हा माउंटन वेस्ट या लहान कॉन्फरन्सने पैसे घेऊन त्यांना सामने दिले. त्याच सप्टेंबरमध्ये पॅक-१२ ने २०२६ पासूनची नवी मांडणी जाहीर केली. बॉइझी स्टेट, कोलोरॅडो स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट आणि मागाहून युटा स्टेट, अशी पाच विद्यापीठे त्यांनी फोडली. पाचही माउंटन वेस्टचीच.