उघड्या डोळ्यांची भूल

विल्यम मॉर्टन या दंतवैद्यानें १६ ऑक्टोबर १८४६ रोजीं बोस्टन येथें ईथरची वाफ देऊन एका रोग्यास निद्रित केलें, आणि शस्त्रक्रियेच्या दालनांतील किंकाळी मावळूं लागली. भूल म्हणजे निद्रा, ही कल्पना तेव्हांपासून रूढ झाली. परंतु ही निद्रा फार गाढ झाली, तर वेदनेबरोबर श्वासहि थांबण्याचें भय असे. वेदना जावी आणि श्वास मात्र राहावा, असें औषध मिळेल काय, हा प्रश्न शंभर वर्षांहून अधिक काळ उभा होता.

१९५६ सालीं अमेरिकेंतील डेट्रॉइट शहरीं, पार्क-डेव्हिस या औषधांच्या कंपनींत व्हिक्टर मॅडॉक्स या रसायनज्ञानें फेनसायक्लिडीन नांवाचा पदार्थ तयार केला. तो टोंचल्यावर माकडें डोळे उघडे ठेवून शांत पडून राहत. माणसांवरहि त्याचा गुण दिसला: वेदना नाहींशी होई, पण श्वास चालू राही. मात्र शुद्धीवर येतांना कित्येक रोगी भ्रमिष्टासारखे वागूं लागले, आणि हा भ्रम कांहींच्या बाबतींत तासन् तास टिकला. अखेर १९६५ सालीं माणसांवरील त्याचे प्रयोग सोडून द्यावे लागले.

दरम्यान, १९६२ सालीं, कॅल्व्हिन स्टीव्हन्स यांनीं त्याच कुळांतील, पण अल्पकाळ टिकणारें केटामीन सिद्ध केलें होतें. ३ ऑगस्ट १९६४ रोजीं तें प्रथम मनुष्यास देण्यांत आलें. डॉ. एडवर्ड डॉमिनो व डॉ. गुंटर कॉर्सेन यांनीं त्यासाठीं मिशिगन संस्थानांतील जॅक्सन येथील तुरुंगांतले कैदी स्वयंसेवक म्हणून घेतले. तुरुंगाच्या भिंतीआड दिलेली संमति कितपत मोकळी असते, हा प्रश्न तेव्हां फारसा कोणी विचारला नाहीं. कैद्यांवरील संशोधनास अमेरिकन सरकारनें कडक निर्बंध घातले ते १९७८ सालीं.

आपण अवकाशांत तरंगत आहों, हातपाय आपले उरलेच नाहींत, असें ते कैदी सांगत. या अवस्थेस "स्वप्नावस्था" म्हणणें कंपनीस रुचलें नाहीं. तेव्हां डॉमिनो यांच्या पत्नी टोनी यांनीं एक शब्द सुचविला. त्याचा आशय असा कीं, मन देहापासून आणि भोंवतालापासून विलग झालें आहे. तेंच नांव पुढें शास्त्रांत रूढ झालें.

१९७० सालीं अमेरिकेंत केटामीनला मान्यता मिळाली आणि व्हिएतनामच्या रणभूमीवर जखमी सैनिकांसाठीं तें वापरलें गेलें. बहुतेक भुलीचीं औषधें रक्तदाब उतरवितात. हें मात्र तो चढवितें. म्हणून रक्तस्रावानें खचलेल्या रोग्यास तें उपकारक ठरतें, तर हृदयविकाराच्या रोग्यास तेंच अपायकारक होऊं शकतें. लाळ वाढते. जागें होतांना भयंकर स्वप्नें पडतात, म्हणून डायझेपामसारखें शामक औषध जोडीला देतात आणि खोली शांत ठेवतात.

याचें मर्म १९८३ सालीं उलगडलें. मेंदूंतील पेशींना ग्लुटामेट या द्रव्याचा संदेश पोंचविणारें एक द्वार केटामीन अडवितें. वेदना आणि भोंवतालचें भान, दोन्ही त्याच द्वारांतून येतात. म्हणून या औषधाचा गुण व दोष वेगळे करतां येत नाहींत.

हेंच विलगपण सुखासाठीं शोधणारेहि निघाले. सतत सेवन करणाऱ्यांचें मूत्राशय जायबंदी होतें, हें २००७ सालीं प्रथम नोंदलें गेलें. २०१५ सालीं चीननें त्यावर आंतरराष्ट्रीय निर्बंध घालण्याचा प्रस्ताव मांडला. जागतिक आरोग्य संघटनेनें १९८५ सालींच त्यास अत्यावश्यक औषधांच्या यादींत घेतलें होतें. तिच्या तज्ज्ञांनीं या प्रस्तावास विरोध केला. कारण जेथें वीज बेभरंवशाची आणि प्राणवायूचें नळकांडेंहि दुर्मिळ, तेथें अडलेल्या बाळंतिणीच्या पोटावर शस्त्र चालविण्यास पुष्कळदां हीच एक भूल हाताशीं असते. तिला कुलूप घातलें असतें, तर व्यसनी माणसाआधीं ती बाळंतीणच अडली असती.