बिनहप्त्याचं घर: इंग्लंडच्या कालव्यांवरचं बिऱ्हाड

इंदूर असो, बडोदा असो की बेंगळुरू, पगार जमा झाला की घराचा हप्ता कापला जाणं हे आपल्यातल्या अनेकांच्या पाचवीलाच पुजलेलं आहे. आज लंडनमध्ये काही माणसं हा हप्ता टाळण्यासाठी कालव्यातल्या नावेवर संसार थाटतात. ही नवी टूम आहे असं अनेकांना वाटतं. मला त्यात एक जुनी गोष्ट दिसते. तीच आज सांगतो.

१७६१ मध्ये ब्रिजवॉटर कालवा सुरू झाला आणि वर्स्लीच्या खाणींतला कोळसा पाण्यावरून मँचेस्टरला जाऊ लागला. मग कालव्यांचं जाळंच पसरलं. चढउतारावर नाव वरखाली नेण्यासाठी दारं लावलेले हौद असत. मध्य इंग्लंडात ते जेमतेम ७ फूट रुंद होते. म्हणून नावाही तेवढ्याच अरुंद, लांबीला मात्र ७० फुटांच्या आसपास. घोडा काठावरून नाव ओढायचा. पुष्कळ नावाड्यांची बायकामुलं तेव्हा गावातल्या घरीच राहत.

१८३० मध्ये लिव्हरपूल ते मँचेस्टर रेल्वे सुरू झाली आणि चित्र पालटलं. रेल्वेशी स्पर्धा करताना कालव्यावरचे मालवाहतुकीचे दर घसरले, नावाड्याची कमाई आटली. मग त्यानं दोन खर्च कापले: घराचं भाडं आणि हाताखालच्या गड्याचा पगार. बायकामुलं नावेवर आली आणि कामालाही लागली. मागच्या टोकाला सुमारे १० फूट लांबीची खोली, तिच्यात कोळशाची शेगडी आणि दिवसा कपाटात दुमडून ठेवायचा पलंग. दारांवर गुलाब आणि किल्ले रंगवलेले. त्या रंगीत दारांचे फोटो आज सुंदर दिसतात, पण आत अख्खं कुटुंब राहायचं.

याची किंमत मोजली मुलांनी. आज इथं, उद्या तिथं, शाळा कुठली? कोलव्हिलच्या जॉर्ज स्मिथ यांनी हा प्रश्न लावून धरला. १८७७ च्या कायद्यानं राहत्या नावांची नोंदणी सक्तीची केली, आत किती माणसं राहतील हे ठरवलं आणि शाळेच्या कामापुरतं मुलांना एक गाव दिलं. १८८४ मध्ये हा कायदा आणखी कडक झाला. तरीही पुढच्या कित्येक मुलांची अक्षरओळख अर्धवटच राहिली.

१९३९ मध्ये टॉम रोल्ट हे इंजिनिअर ‘क्रेसी’ नावाच्या नावेवर राहायला गेले, तेही हौसेनं. १९४४ मध्ये त्यांचं ‘नॅरो बोट’ हे पुस्तक आलं आणि मोडकळीला आलेल्या कालव्यांकडे लोकांचं लक्ष गेलं. १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे कित्येक आठवडे गोठले आणि उरल्यासुरल्या मालवाहतुकीचं कंबरडं मोडलं. जिथं कोळसा भरायचे, तिथं आता स्वयंपाकघर आणि झोपायची खोली आली.

आजच्या नाववाल्याला फ्लॅटएवढं कर्ज लागत नाही. पण परवाना घ्यावा लागतो, ठरावीक वर्षांनी नाव पाण्याबाहेर काढून तळाला काळा लेप द्यावा लागतो. शिवाय १९९५ च्या कायद्यानुसार, बांधायला कायमची जागा नसेल, तर एका ठिकाणी साधारणपणे १४ दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही. म्हणजे मुलांच्या शाळेचा प्रश्न पुन्हा उभा राहतोच.

म्हणून मला वाटतं, हप्ता भरताना आपण भिंतींबरोबर पत्ताही विकत घेत असतो. हप्ता टाळायचा विचार कुणी करत असेल, तर पत्त्याचं काय करणार, हे आधी ठरवावं. तुमचं मत जरूर कळवा. पुढच्या भागात भेटू.