पटकीच्या जंतूचें उसनें बळ

परक्या फौजेच्या मदतीनें गादी बळकावल्याचीं उदाहरणें आपण राज्यांच्या इतिहासांत पुष्कळ वाचतों. एका सूक्ष्म जंतूच्या घराण्यांतही असेच पालट घडले आहेत. त्यांचा वृत्तांत आज सांगणार आहें.

पटकीचा जंतु मूळचा माणसाच्या आंतड्यांतला नव्हे. खाडीच्या मचूळ पाण्यांत, चिमुकल्या कवचधारी जीवांना चिकटून त्याचा संसार चालतो. तेथें दाटी फार. कवचावर बसला म्हणजे हा जंतु भाल्यासारख्या अवयवानें शेजाऱ्यास भोसकतो आणि फुटलेल्या शेजाऱ्याचीं जनुकें आपल्या शरीरांत ओढून घेतो. स्वित्झर्लंडमधील संशोधकांनीं २०१५ सालीं ही गोष्ट सिद्ध केली. कचाला विद्येसाठीं गुरूच्या पोटांत शिरावें लागलें. येथें विद्याच पोटांत येते!

त्याचें प्रसिद्ध विषसुद्धां उसनेंच. तें विष कलकत्त्याचे डॉ. शंभुनाथ डे यांनीं १९५९ सालीं उघडकीस आणिलें. हयातींत त्यांच्या देशानें त्यांचें चीज केलें नाहीं, हें मला फार सलतें. पुढें १९९६ सालीं वाल्डॉर व मेकॅलॅनॉस यांनीं दाखविलें कीं, त्या विषाचीं जनुकें एका विषाणूनें जंतूच्या अंगांत आणून वसविलीं आहेत.

आतां घराण्यांकडे वळूं. सिनाईच्या किनाऱ्यावरील एल टोर येथें १९०५ सालीं यात्रेकरूंच्या तपासणींत एक निराळें कुल आढळलें. १९६१ सालीं सेलिबिस बेटांतून निघून त्यानें जगभर सांथ पसरविली आणि जुन्या कुलास पदच्युत केलें. नंतर १९९२ सालीं मद्रासेंत तिसराच दावेदार उभा राहिला. तो एल टोरचाच वंशज. पण बाह्य आवरण घडविणारीं जनुकें त्यानें परक्याकडून घेतलेलीं. ओळख बदलल्यामुळें पूर्वीच्या सांथींतून तावून सुलाखून निघालेलीं वडील माणसेंही त्याला बळी पडलीं. बंगालमध्यें त्यानें कांहीं महिन्यांतच एल टोरला मागें सारिलें.

या नवागताजवळ आणखी एक गांठोडें होतें: जंतूंतून जंतूंत फिरणारा जनुकांचा संच. सल्फा व स्ट्रेप्टोमायसिन यांसारख्या औषधांना तो दाद देऊं देत नसे. १९९४ च्या सुमारास एल टोर परतला, तो असेंच गांठोडें काखेंत मारून! मात्र त्यांत केवळ औषधांवरचा उतारा नव्हता. जंतूंना खाणाऱ्या विषाणूंस परतवून लावण्याचीं साधनेंही त्याच संचांत असतात, असें अमेरिकेंतील संशोधकांनीं २०२१ सालीं दाखविलें. औषधें आमचीं कालपरवांचीं. त्या विषाणूंशीं जंतूंचें वैर मात्र फार पुरातन आहे.