कासवाला शिकवणारी मुलं

आज संगणकाकडून चित्र हवं असेल तर एक ओळ लिहिली की पुरतं. अर्ध्या शतकापूर्वी मात्र यंत्राला आधी चित्रकला शिकवावी लागे, आणि ही शिकवणी घेणाऱ्यांत शाळकरी मुलंही होती.

१९६७ साली अमेरिकेतल्या केंब्रिज शहरात वॉली फॉयरझाइग, सीमोर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा तयार केली. पॅपर्ट मूळचे गणिती. जिनिव्हात बालमानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांच्यासोबत काही वर्षं काम करून आलेले. लवकरच लोगोच्या जोडीला जमिनीवर फिरणारं यांत्रिक कासव आलं. त्याला पेन जोडलेलं असे. १०० पुढे, ९० अंश उजवीकडे, असं चारदा सांगितलं की कागदावर चौरस उमटे.

वर्तुळ कसं काढायचं? पॅपर्ट सुचवत, तूच कासव हो आणि चालून बघ. मूल गोल चालू लागे तेव्हा त्याच्या ध्यानात येई, की आपण जरासं पुढे जातो, जरासं वळतो. एक पाऊल, एक अंश, ३६० वेळा. चित्र बिघडलं तर कोणती सूचना चुकली ते मुलानंच हुडकायचं. या हुडकण्यात पॅपर्टना खरं शिक्षण दिसे. संगणकानं मुलाला घडवण्याऐवजी मुलानं संगणकाला घडवावं, हा विचार त्यांनी १९८०च्या ‘माइंडस्टॉर्म्स’ पुस्तकात मांडला.

लोगो आकार घेत होतं त्याच सुमारास अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला एक नावाजलेला चित्रकार याच वाटेवर होता. हॅरॉल्ड कोहेन यांनी १९६६च्या व्हेनिस बिएनालेत ब्रिटनचं प्रतिनिधित्व केलं होतं. १९६८ साली ते सॅन दिएगोच्या विद्यापीठात शिकवायला गेले, तिथे प्रोग्रॅमिंग शिकले आणि त्यांनी ‘ॲरन’ हा चित्रं काढणारा प्रोग्रॅम लिहायला घेतला. ॲरनच्या पोटात एकही तयार चित्र नव्हतं. होते ते नियम. बंद आकार कोणता, उघडा कोणता, आत म्हणजे काय, बाहेर म्हणजे काय. १९७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या आधुनिक कला संग्रहालयात त्यांचंही कासव जमिनीवर पसरलेल्या कागदावर रेघा ओढत फिरलं.

हे नियम शोधताना कोहेन मुलांच्या गिरगोट्यांकडे वळले, ही या इतिहासातली फार मोलाची गोष्ट. गोल गोल गिरवता गिरवता एखाद्या क्षणी मूल त्या गिरगोट्याभोवती रेघ फिरवून आकार बंद करतं. चित्राचा जन्म त्यांना तिथे दिसला. पुढे माणसाचे सांधे कुठे वाकतात, झाडाला फांदी कशी फुटते, हेही त्यांनी ॲरनला नियमांतून शिकवलं. हे काम २०१६ साली त्यांच्या निधनापर्यंत चाललं.

२०२२ मध्ये डॅल-ई २, मिडजर्नी आणि स्टेबल डिफ्यूजन हे लिहिलेल्या ओळीवरून चित्र बनवणारे प्रोग्रॅम पाठोपाठ आले आणि शिकवणीची रीतच पालटली. स्टेबल डिफ्यूजन ज्या ‘लायन’ संग्रहातल्या चित्रांवर तयार झालं, त्याच्या लायन-५बी या आवृत्तीत इंटरनेटवरच्या ५८५ कोटी चित्रांचे दुवे आणि त्यांच्यासोबतचा मजकूर आहे. ती चित्रं काढणाऱ्यांना, ते फोटो टिपणाऱ्यांना कोणी विचारलं नव्हतं. आता शिकवणी आधीच आटोपलेली असते. मुलाच्या वाट्याला प्रॉम्प्ट तेवढा उरतो.

म्हणून शिक्षणावरच्या कलाप्रकल्पात ही साधनं आणताना मुलांच्या हातून काय सुटतं, ते पाहायला हवं. ‘वर्ग’ असं लिहून आलेल्या चित्रातले बाक, फळा, शिक्षक कुणाच्या शाळेतले, हे मुलांना विचारता येतं. त्याच वर्गाचं चित्र त्यांना हातानं काढायला देता येतं आणि दोन्ही कागद शेजारी लावून यंत्रानं काय गाळलं याची यादी करता येते. लोगो आजही मोफत मिळतं. त्यात बाकाचा आयत काढायला पुढे जाण्याच्या चार सूचना आणि मधली वळणं लागतात, आणि त्यातलं एक वळण चुकलं तर ते कुठे चुकलं हे मूल बोट ठेवून दाखवू शकतं.