चरबी कुणी लावली?

शाळेच्या क्रमिक पुस्तकांत १८५७ च्या उठावाच्या कारणांमध्ये एक वाक्य ठरलेले असते. नव्या काडतुसांना गायीची व डुकराची चरबी लावलेली होती, ती दाताने तोडावी लागत, म्हणून हिंदू आणि मुसलमान शिपाई भडकले. सोलापुरात आमच्या वर्गात बसणारी मुले हे वाक्य न अडखळता लिहितात. त्यांतली कित्येक घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढलेली असतात. वाक्य खोटे नाही. पण ‘लावलेली होती’ हा कर्मणी प्रयोग फार सोयीचा आहे. कुणी लावली होती, हे सांगण्याची जबाबदारी त्यात कुणावरच येत नाही. चरबी ज्याच्या तोंडाजवळ आली त्याच्या धर्मभावनेवर आपल्या इतिहासकारांनी ग्रंथ लिहिले. ज्याच्या हाताला ती रोज लागत होती त्याच्यासाठी त्यांना अर्धी ओळही लिहावीशी वाटली नाही.

म्हणून हा प्रश्न आपण धर्माच्या बाजूने न पाहता कोठाराच्या बाजूने पाहू. शिशाच्या गोळीला वंगण लावून ती महिनोन्‌महिने साठवून ठेवायची, ही मुळात कोठाराची अडचण होती.

जुन्या ठासणीच्या बंदुकीत गोळी नळीपेक्षा बारीक असे. ती सैल उतरायची. तिला वंगणाची गरज नव्हती. १८५३ साली इंग्रजांनी जी एनफिल्ड रायफल स्वीकारली तिच्या नळीला आतून पिळाच्या खाचा होत्या आणि लांबट गोळी नळीत जेमतेम मावणारी होती. चारसहा बार झाले की जळालेल्या दारूची काजळी आत घट्ट बसते आणि पुढची गोळी गजाने ठोकूनही खाली जात नाही. म्हणून गोळीवर कागद गुंडाळायचा आणि गोळीकडचे टोक चरबी व मेणाच्या मिश्रणात बुडवायचे, अशी रीत निघाली. शिपायाने दाताने तोडायचे ते दुसरे टोक, दारूकडचे. दारू नळीत ओतायची, काडतूस उलटे करायचे, वंगण लावलेले टोक नळीत घालायचे आणि उरलेला कागद फाडून टाकायचा. कवायतीच्या हिशेबाने चरबीचे टोक तोंडात घ्यायचेच नव्हते. पण हा हिशेब थंड देशातला. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या घरात तेलातुपाच्या बरणीचे काय होते, हे सोलापुरातल्या कोणत्याही बाईला विचारावे. वितळलेली चरबी टोक पाहून थांबत नाही. ती कागदभर पसरते, दारूत उतरते, आंबट होते. आणि आंबलेली चरबी शिशाला खाते. गोळीवर पांढरा थर चढतो, गोळी जाड होते आणि मग नळीत जात नाही.

इंग्रजांना ही भीती होती. १८५३ मध्येच त्यांनी वंगण लावलेली काडतुसे परीक्षेसाठी हिंदुस्थानात पाठवली. कलकत्ता, कानपूर आणि रंगून येथे पहाऱ्यावरच्या शिपायांच्या पेट्यांत ती ठेवली. शिपायांनी ती महिनोन्‌महिने कमरेला बाळगली, तक्रार केली नाही. १८५५ मध्ये ती विलायतेला परत गेली. परीक्षा कशाची होती? इथल्या हवेत चरबी टिकते का, याची. इथला समाज ती कशी घेईल, हा प्रश्न त्या परीक्षेत नव्हता. बंगाल सैन्याचा अॅडजुटंट जनरल कर्नल टकर याने डिसेंबर १८५३ मध्ये लेखी बजावले होते की, वंगणात जातीला बाधणारे काही नाही याची खात्री झाल्याशिवाय अशी काडतुसे देशी पलटणींना देऊ नयेत. तो कागद दप्तरात पडून राहिला. पुढे कलकत्त्यात काडतुसे तयार होऊ लागली तेव्हा चरबी कोणत्या जनावराची असावी याची अटच ठेकेदाराला घातलेली नव्हती.

आता कोठारातल्या माणसाकडे येऊ. जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळच्या डमडम येथील लेफ्टनंट राइट याने वरिष्ठांना एक पत्र लिहिले. दारूखान्यातल्या एका हलक्या जातीच्या खलाशाने – म्हणजे तिथल्या मजुराने – दुसऱ्या ग्रेनेडियर पलटणीतल्या एका ब्राह्मण शिपायाकडे त्याच्या लोट्यातले पाणी मागितले. शिपायाने ते नाकारले, कारण लोटा विटाळला असता. तेव्हा खलाशी म्हणाला की, लवकरच तुझी जात जाणार आहे. तुम्हाला गायीडुकराची चरबी लावलेली काडतुसे चावावी लागणार आहेत.

अठराशे सत्तावन्नच्या प्रत्येक इतिहासात ही हकीकत येते. ती अफवेचा उगम म्हणून येते. पण तिच्यात पाण्याचा घोट आधी आहे आणि चरबी नंतर. उत्तर भारतातील दलित लेखकांनी पुढे या खलाशाला मातादीन हे नाव दिले, त्याला उठावाचा पहिला हाक देणारा ठरवले. मूळ पत्रात त्याचे नाव नाही. पत्र लिहिणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव आहे, शिपायाच्या पलटणीचा क्रमांक आहे. खलाशाची फक्त जात आहे आणि तीही ‘हलकी’ एवढीच. त्याला चरबीचे माहीत होते, कारण काडतुसे तयार होतात त्या जागी तो राबत होता. ज्या पदार्थाचा नुसता संशय आला तरी ब्राह्मण शिपायाची जात जाते, त्या पदार्थाजवळ या माणसाने जन्मभर राबावे, यात कुणाला अधर्म दिसला नाही. बंगालचे सोडून आपल्या गावाकडे पाहिले तरी हाच न्याय आहे. मेलेले जनावर ओढायचे महाराने, कातडे कमवायचे ढोराने, चप्पल शिवायची चांभाराने; आणि त्या कातड्याच्या मोटेचे पाणी पिऊन पाटलाचा ऊस वाढला तर तो पवित्र!

२७ जानेवारी १८५७ रोजी सरकारने हुकूम काढला की, कोठारातून काडतुसे कोरडी द्यावीत आणि शिपायांनी बाजारातून तेल-मेण आणून स्वतःच्या हाताने ती माखावीत. कोठाराच्या दृष्टीनेही हाच शहाणा मार्ग होता, कारण कोरडी गोळी वर्षानुवर्षे टिकते आणि वंगण वापराच्या वेळी लावता येते. पण विश्वास उडाल्यावर शहाणपण पोहोचत नाही. २४ एप्रिलला मेरठच्या घोडदळातील ८५ जणांनी जी काडतुसे नाकारली ती तर जुन्याच पद्धतीची होती. गंमत पुढेच आहे. १८५९ च्या सुमारास इंग्रजांनी गोळी थोडी बारीक केली आणि चरबी टाकून मधमाशीचे मेण वापरायला घेतले. शिपायांनी धर्म म्हणून जे मागितले ते शिशाच्या आणि उन्हाच्या रसायनाने मिळवून दिले.

मुंबई सैन्यात त्या वेळी काय होते? महार, मराठा, ब्राह्मण, मुसलमान, सगळे एका रांगेत उभे राहत. याच सैन्यातल्या महारांनी १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला दिवसभर तहानलेल्या तोंडाने काडतुसे तोडली होती. तिथल्या स्तंभावर ‘नाक’ शेवटी असलेली त्यांची नावे कोरलेली आहेत. १८५७ मध्ये मुंबई सैन्य अगदीच शांत होते असे नाही. ३१ जुलैला कोल्हापूरची २७ वी पलटण उठली. पण बंगालसारखा वणवा पेटला नाही. बाबासाहेबांनी पुढे इंग्रजांना नेमके हेच सुनावले की, मुंबई-मद्रासच्या सैन्यांत अस्पृश्य होते आणि ती सैन्ये तुमच्या बाजूने टिकली, त्याची परतफेड तुम्ही कशी केलीत? राजनिष्ठेचे प्रशस्तिपत्र मिरवण्याची हौस आपल्यातल्या काहींना असते. बाबासाहेबांनी त्याचे प्रशस्तिपत्र केले नाही, थकलेले बिल केले.

ते बिल कसे थकले ते पाहा. चरबीपासून इंग्रज एकच धडा शिकला: वरच्या जातींच्या विटाळाला हात लावू नये. १ नोव्हेंबर १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यात धर्मात ढवळाढवळ न करण्याची हमी आली. हळूहळू सैन्यातही कुणाच्या शेजारी कोण उभा राहील याचा विचार सुरू झाला, ‘लढाऊ जाती’ ठरवल्या गेल्या आणि १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. आणि याच काळात काडतूस पार बदलून गेले होते. १८६० नंतरच्या दशकात धातूच्या पुंगळीचे काडतूस आले. १८६९ मध्ये पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना निघाला. वंगण आता पुंगळीच्या आत, मेणाचे. तोंड लावण्याचे कारणच उरले नाही. दाताने तोडायचे काडतूस नाहीसे झाल्यानंतर विटाळाच्या नावाने माणसे रांगेतून काढली गेली. ज्या वस्तूवरून सारे रामायण घडले ती वस्तू गेली आणि तिच्याभोवतीची जात मात्र पक्की झाली.

हे नुकसान केवळ पगाराचे नव्हते. पलटणीत शिपायाला आणि त्याच्या मुलामुलींना सक्तीने शाळा होती. गोपाळबाबा वलंगकर, सुभेदार रामजी सकपाळ ही माणसे त्या शाळांच्या जगातून आली. दार बंद होताच वलंगकरांनी १८९४ च्या सुमारास भरतीसाठी अर्ज तयार केला, शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. आमच्या चळवळीचे पहिले राजकीय कागद हे भरतीचे अर्ज आहेत, हे नव्या कार्यकर्त्यांनी विसरू नये.

तोंडाचा प्रश्न गिरणीतही आला. धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना विणाई खात्यात शिरू देत नसत. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी ही अट उघडपणे पुढे आणली. त्याच ताण्याला जी खळ देत तिच्यात जनावराची चरबी घालण्याची गिरण्यांत सर्रास रीत होती. ते कापड सोवळ्याचे लोक नेसत. आमच्या गिरणगावात या गोष्टीवर कुणी उठाव केल्याचे ऐकिवात नाही.

पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले आणि १९२१ मध्ये ती मोडली. पुन्हा युद्ध आले तेव्हा १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. त्या शिपायांच्या हाती आलेले काडतूस पितळेचे होते.