खाजगी टांकसाळीचे नाणे

विमानाच्या मैलांचा आणि क्रेडिट कार्डाच्या पॉइंटांचा इतिहास सांगावयास कामगार चळवळीतला माणूस कशाला, असा प्रश्न काही श्रोत्यांच्या मनात आला असेल. आमचे उत्तर सरळ आहे. मालकाने मजुरी सरकारी नाण्यांत द्यावी की आपल्या घरच्या बिल्ल्यांत, या प्रश्नावर कामगार पिढ्यान्‌ पिढ्या झगडला. आज मात्र सुशिक्षित, पगारदार माणूस कंपनीच्या घरचे नाणे आपखुषीने घेतो, साठवतो, आणि त्यावर सिंगापूरची सहल काढली की शेजाऱ्यांस कौतुकाने सांगतो. ही घटना आमच्या विषयाबाहेरची खचित नव्हे.

प्रथम जुनी गोष्ट. इंग्लंडात कोळशाच्या खाणींवर आणि लोखंडाच्या कारखान्यांवर मजुराला चिठ्ठी किंवा बिल्ला देत. तो मालकाच्याच दुकानात चाले आणि त्या दुकानातला भाव मालकच ठरवी. १८३१ च्या कायद्याने अनेक धंद्यांत मजुरी चालू नाण्यातच देण्याचे बंधन घातले. तरी पळवाटा काढून ही चाल पुढेही टिकून राहिली. आसामच्या चहामळ्यांत मळेवाल्यांनी स्वतःचे बिल्ले पाडले होते. मळ्याची हद्द ओलांडली की त्या बिल्ल्याची किंमत धातूपुरती! आपल्याकडे १९३६ च्या वेतन कायद्याने मजुरी चलनी नाण्यांत किंवा नोटांतच द्यावी असे ठरविले. त्या एका कलमामागे किती संसारांची रड आहे, हे वकिलापेक्षा चाळकऱ्याला अधिक कळेल.

आता गिऱ्हाइकाकडे वळू. अमेरिकेत १८९६ साली स्पेरी अँड हचिन्सन या कंपनीने हिरवी तिकिटे छापली. दुकानदाराने ती कंपनीकडून रोख पैसे मोजून घ्यावयाची आणि दर दहा सेंटांच्या खरेदीमागे गिऱ्हाइकाला एक द्यावयाचे. गिऱ्हाइकाने ती वहीत चिकटवावी. बाराशे तिकिटांची वही भरली की कंपनीच्या भांडारात जाऊन दिवा, चादर, इस्त्री काय हवे ते घ्यावे. १९६० च्या दशकात तिकडच्या घरोघरी या वह्या होत्या. या साध्या व्यवहारात पुढच्या साऱ्या विमानी मैलांचे बीज आहे. दुकानदार तिकिटांचा खर्च मालाच्या भावात मिळवी, म्हणजे वस्तू फुकट नव्हती. आणि जी तिकिटे हरवली, ज्या वह्या अर्ध्याच राहिल्या, त्यांचे पैसे कंपनीस आधीच पोहोचलेले असत!

विमान कंपन्या या वाटेस लागल्या त्याचे कारण निराळे. अमेरिकेत १९७८ पर्यंत अंतर्गत प्रवासाचे भाडे आणि मार्ग सरकारी मंडळ ठरवी. त्या वर्षी कायद्याने ते बंधन उठले आणि भाड्यांची चढाओढ सुरू झाली. विमानातील रिकामी खुर्ची ही फार नाशवंत वस्तू. भाजीवाली उरलेली कोथिंबीर संध्याकाळी निम्म्या भावाने तरी देते. विमान उडाल्यावर त्या खुर्चीला कोणी विचारीत नाही. मग ती जुन्या गिऱ्हाइकालाच बक्षीस म्हणून दिली तर खर्च जेवणाचा आणि थोड्या इंधनाचा. टेक्सास इंटरनॅशनल या कंपनीने १९७९ मध्ये असा प्रयोग केला. पण युग सुरू झाले ते १ मे १९८१ रोजी, अमेरिकन एअरलाइन्सच्या ‘ॲडव्हान्टेज’ योजनेने. (तारीख कामगार दिनाची निघावी हा योगायोग, तिकडे तो दिवस त्या नात्याने पाळीतच नाहीत.) या कंपनीपाशी ‘सेबर’ नावाची संगणकी आरक्षणव्यवस्था होती, तीत पुन्हा पुन्हा येणारे दूरध्वनी क्रमांक हुडकून नित्याचे प्रवासी तिने शोधून काढले. काही दिवसांतच युनायटेड कंपनीने आपली योजना जाहीर केली, आणि मग बाकीच्यांस मागे राहणे शक्यच नव्हते.

येथे एक खुबी ध्यानात घ्यावी. नित्य विमानाने फिरणारा माणूस बहुधा कचेरीच्या कामाने फिरे. तिकिटाचे पैसे मालक भरी आणि मैल मात्र प्रवाशाच्या नावे जमत. अर्थात स्वस्त तिकीट शोधण्यापेक्षा आपल्या मैलांच्या कंपनीचे तिकीट काढण्याकडे त्याचा कल झुकणारच. अमेरिकेत सरकारी कामाच्या प्रवासाचे मैल पूर्वी सरकारचे मानीत. २००१ अखेरच्या कायद्याने ते नोकराला स्वतःसाठी वापरता येऊ लागले. जर्मनीत उलट घडले. २००२ साली सरकारी प्रवासाचे मैल काही लोकप्रतिनिधींनी खाजगी सहलींस वापरल्याचे उघड होऊन गहजब झाला, आणि ग्रेगोर गीझी व चेम ओझ्देमीर या नामांकित पुढाऱ्यांनी आपली पदे सोडली. मैल ही क्षुल्लक भेट असती तर हे घडते ना!

पुढचा टप्पा १९८७ चा. सिटी बँकेने अमेरिकन एअरलाइन्सबरोबर कार्ड काढले : किराणा घ्या, जोडे घ्या, डॉलरामागे मैल मिळेल. येथून मैलाचा आणि विमानाचा संबंध सुटला. बँक विमान कंपनीकडून मैल रोखीने विकत घेते आणि गिऱ्हाइकांस वाटते. हिरव्या तिकिटांचाच हा खेळ. दुकानदाराच्या जागी बँक आली एवढेच. आज बँकेचे पॉइंट विमान कंपनीच्या मैलांत बदलून घेता येतात, आणि एका कंपनीच्या मैलांवर तिच्या भागीदार कंपनीचे तिकीटही काढता येते.

मग पैसा येतो कोठून? कार्डाने घेतलेल्या मालावर दुकानदारास शेकडा काही रक्कम बँकेस द्यावी लागते आणि ती तो मालाच्या भावात धरतो. तो भाव मात्र सर्वांना एकच! म्हणजे ज्याच्या खिशात कार्ड नाही आणि जो रोख मोजून साबणाची वडी घेतो, तोही कार्डवाल्याच्या विमानप्रवासास आपला आणा देतो. याला दान म्हणावे तर देणाऱ्यास पत्ता नाही.

यात चतुर माणसेही निघाली. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातील एका इंजिनिअराने पाहिले की, एका खाद्यपदार्थाच्या वेष्टनांवर मिळणाऱ्या मैलांची किंमत पदार्थाच्या किमतीहून जास्त आहे. त्याने बारा हजारांवर पुडिंगचे डबे घेतले. वेष्टने सोलायची कशी? त्याने पुडिंग एका धर्मादाय संस्थेस दिले आणि तिच्या स्वयंसेवकांकडून वेष्टने सोलून घेतली. त्याला बारा लाखांवर मैल मिळाले. वर्तमानपत्रांनी त्याचे कौतुक केले. सोलणाऱ्या बोटांची दखल फारशी कोणी घेतली नाही.

परंतु अशी हातचलाखी एखाद्याला साधते. टांकसाळ ज्याच्या हाती, नाण्याचा भावही त्याच्याच हाती. पूर्वी कंपन्या तक्ता छापीत : अमुक देशास जाण्यास इतके मैल. डेल्टा कंपनीने २०१५ मध्ये आणि युनायटेडने २०१९ मध्ये हे तक्ते काढून टाकले. तिकिटास किती मैल लागतील ते आता गर्दी पाहून ठरते. दहा वर्षे साठवलेल्या मैलांचे मोल एका सूचनेने निम्मे झाले तर दाद मागावयास जागा नाही. देवगिरीस राजधानी आणणाऱ्या महंमद तुघलकाला आपण वेडा म्हणतो. त्याने १३३० च्या सुमारास तांब्यापितळेची नाणी चांदीच्या टंक्याच्या मोलाने चालविली. लोकांनी बनावट नाणी पाडली, आणि योजना फसली. पण मागे घेताना त्या वेड्या सुलतानाने खजिन्यातून पुरते मोल मोजून दिले, असे इतिहासकार सांगतात. विमान कंपन्यांतला असा सुलतान आमच्या वाचनात आलेला नाही.

या टांकसाळी केवढ्या आहेत हे २०२० च्या साथीत कळले. विमाने जमिनीवर उभी होती, तेव्हा युनायटेडने आपली मैलयोजना तारण ठेवून ६८० कोटी डॉलर उभे केले. त्या योजनेची किंमत सुमारे २,२०० कोटी डॉलर धरली होती. कंपनीच्या सर्व समभागांच्या तेव्हाच्या बाजारभावाहून ती पुष्कळ अधिक होती. २०२३ साली डेल्टाला एकट्या अमेरिकन एक्सप्रेसकडून ६८० कोटी डॉलरांच्या आसपास मिळाले. म्हणून कोणी विचारले तर आम्ही सांगतो : मैल असतील तर वापरून टाका, म्हातारपणासाठी राखू नका, आणि कार्डाचे देणे थकवून पॉइंट जमविणे म्हणजे सावकाराकडून दक्षिणा घेणे होय.

न वापरलेल्या मैलांचा निकाल कसा लागतो, तेही पाहण्यासारखे आहे. मुंबई राज्याच्या १९५३ च्या कामगार कल्याण निधी कायद्याने, कामगाराने तीन वर्षांत न नेलेला पगार मालकाच्या गल्ल्यात न राहता कल्याण निधीत जमा व्हावयाचा असतो. मुदत संपलेले मैल मात्र कंपनीच्याच घरात जिरतात.

आणि कंपनीच बुडाली तर? किंगफिशरची विमाने २०१२ मध्ये थांबली, आणि तिच्या किंग क्लबच्या सभासदांचे मैल तिच्याबरोबर गेले. मुंबईच्या जेट एअरवेजचे नशीब वेगळे. तिची मैलयोजना आधीच निराळी कंपनी करून काढलेली होती, आणि २०१४ मध्ये तिचा निम्म्याहून थोडा अधिक हिस्सा अबूधाबीच्या एतिहादने घेतला होता. १७ एप्रिल २०१९ रोजी जेटचे शेवटचे विमान उडाले. वीस हजारांच्या आसपास कर्मचारी एका रात्रीत घरी बसले, आणि कित्येकांचे काही महिन्यांचे पगार थकलेले होते. मैलयोजना मात्र त्याच वर्षाअखेर ‘इंटरमाइल्स’ असे नवे नाव घेऊन चालू राहिली, आणि सभासदांना जुन्या मैलांवर दुसऱ्या कंपन्यांची तिकिटे काढता आली. कर्मचाऱ्यांची देणी दिवाळखोरीच्या न्यायासनापुढे गेली. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जेटची मालमत्ता विकून कंपनी निकालात काढण्याचा हुकूम दिला. तशा विक्रीत कामगारांचा चोवीस महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार तारणदार बँकांच्या बरोबरीने रांगेत उभा राहतो, आणि ‘कामगार’ या व्याख्येत न बसणाऱ्या नोकरांचा बारा महिन्यांचा पगार त्यांच्या मागे.