पोटासाठी बाटलेले

१८७६-७८च्या दुष्काळात नगरकडचे महार-मांग पोटासाठी बाटले, असं शहाणी माणसं लिहितात. भूक होतीच हो. पण नुसत्या भाकरीसाठी बाटलेला माणूस रात्ररात्र टाळ कुटत भजन करील काय?

अमेरिकन मिशन नगरला आलं १८३१ साली. ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा, म्हणजे आमची मंडळी त्याआधीची. टिळक जन्मानं ब्राह्मण. त्यांच्या भजनांचं कौतुक झालं, व्हावंच. घसा फोडून ती गाणाऱ्या वाड्यावस्त्यांचं नाव कुठाय?

माझा आजा निरक्षर. चावडीपुढं जोहार घालताना कमरेत वाकायचा, प्रार्थनेला ताठ उभा राहून गायचा.

१९५०च्या आदेशानं ख्रिस्ती दलित अनुसूचित जातींच्या यादीबाहेर राहिले. शीख १९५६ला आत आले, बौद्ध १९९०ला. आम्ही बाहेरच. तरी दर रविवारी आज्याची एकतारी मी खुंटीवरून काढतो.